बिळाच्या तोंडाशी

बिळाच्या तोंडावर तिने पाठपिशवी ठेवली आणि ऐसपैस टेकून बसली.

"दमलीस?" प्राध्यापकांनी विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला स्वतःलाच धाप लागली होती.

"जराशी. तुम्हीपण बसा, सर. खालच्या खडकावर सील पसरलेत बघा."

ते सील बघत राहिले. तिच्या पाठीमागे, हातभर आत, करडा पक्षी अंड्यावर बसला होता. नशीब, दिवसा तो चकार शब्द काढत नाही.

पाहुण्यांना बेट हिंडवणं हा तिचा धंदा. तीन दिवसांत तिने त्यांना कड्यावरच्या पक्ष्यांच्या वसाहती दाखवल्या, वाऱ्याने आडवी वाढलेली झुडपं दाखवली, ओहोटीला उघडी पडणारी गुहाही दाखवली. ज्याच्यासाठी ते आले होते, तेवढं सोडून. हा पक्षी त्यांनी जगाला दाखवला होता, वर त्याला स्वतःचं आडनाव चिकटवलं होतं. शोधला होता तो तिच्या बाबांनी, चार वर्षं पोटावर सरपटत, एकेक बीळ हुंगत. प्राध्यापकांच्या पुस्तकात बाबांच्या वाट्याला आली एक ओळ, 'सामान वाहणारा एक स्थानिक माणूस'. ती ओळ तिने शाळेत वाचली तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि तेव्हापासून ती या माणसाची वाट बघत होती. पुढे पक्षी कुणाला दिसेना, तो संपला असं लोक म्हणू लागले. बापलेकीला बीळ ठाऊक होतं. दोघांनी तोंड उघडलं नाही.

तरी आज सकाळी बाबाच म्हणाले होते, "पाहुणा आहे. दाखव त्याला." त्यांच्या या भलेपणाची तिला मनस्वी चीड यायची.

"संपला म्हणायचा," उठताना प्राध्यापक पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले होते. तिचं काळीज निवलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

धक्क्यावर बोट लागली. फळीवर पाय ठेवता ठेवता ते थांबले.

"तुझ्या वडिलांना तोंड दाखवायचा धीर झाला नाही. पक्षी दिसला असता तर नवी आवृत्ती निघणार होती. पहिल्याच पानावर त्यांचं नाव घालणार होतो. आता नसलेल्या पक्ष्याचं पुस्तक कोण छापतंय?"

बीळ अर्ध्या तासावर होतं. सांगितलं असतं तर बोट थांबली असती.

"तीस वर्षं होती की तुमच्याकडे, सर," ती म्हणाली आणि तिने दोर सोडला.

बाबा दारातच बसले होते.

"दिसला त्याला?"

"नाही."

"बिळात नव्हता?"

"होता. मी तोंडावरच बसले."

आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं. पण बाबांचे खांदे गदगदू लागले. ते हसत होते, खोकला येईपर्यंत, डोळे पुसत. इतकं हसताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तोंडाने म्हणालो खरा, दाखव म्हणून," ते म्हणाले. "पण दिवसभर इथे जीव टांगणीला लागला होता. म्हटलं, ऐकते की काय माझं." त्यांनी पुन्हा डोळे पुसले. "जाताना काही बोलला?"

ती खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"नाही, बाबा. काही नाही."