दुसऱ्या हाकेला ओ

पैज लागली ती एका आकड्यावरनं. आकडा होता एकसष्ट.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत महांतेश अण्णाचं भांड्यांचं दुकान हाय. समोर रेणुकादासरावांचं घर. पोस्टातनं रिटायर झालेला माणूस, सरळ, पापभीरू. त्यांचा नांदेडचा भाचा गंधार. ह्या गंधारनं दोन दोस्तांसंगं कैक वर्षं खपून एक गेम काढला. टीव्हीला डबा जोडायचा, हातात बटनांचं हँडल धरायचं आन् सोफ्यावर बसून खेळायचं, तसला. भुताचा. नाव 'दाराबाहेर'. गेम जगभर निघाला, आन् जगभरातले गेम खेळून मार्क देणारे लोक त्याला मार्क देऊ लागले. रेणुकादासराव रोज संध्याकाळी अण्णाच्या ओट्यावर बसून मोबाईलवर ते वाचून दाखवायचे.

"हे बघा अण्णा, ह्यानं दहापैकी नऊ दिलेत. म्हणतो, मधेच उठून घरातले सगळे दिवे लावले."

"आन् ह्यानं?" अण्णानं बोट ठेवलं.

"चार."

"काय म्हणतो चारवाला?"

रेणुकादासरावांचा आवाज खाली आला. "म्हणतो, तीन तास रिकाम्या घरात हिंडलो. बाहेरून एक बाई हाका मारते. बाकी काही घडत नाही. आणि हा सहावाला म्हणतो, मोठ्या कंपनीच्या मानानं लहान, एकट्यादुकट्याच्या मानानं मोठा. मधल्या मापाचा गेम."

"म्हंजे तांब्या बी न्हाई, हंडा बी न्हाई. कळशी."

"घरात पाणी कळशीनंच येतं, अण्णा."

"बरं, समद्यांचं मिळून किती?"

"शंभरात एकसष्ट."

"मंग पास हाय की. फर्स्ट क्लास."

"आपल्याकडं फर्स्ट क्लास. तिकडं एकसष्टला कुणी विचारत नाही म्हणे."

अण्णानं तंबाखू मळता मळता निकाल दिला. "मी सांगतो. चारवाला खरा. नऊवाला भित्रा. हातात बटनं असताना भूत माणसाचं काय वाकडं करूलालंय?"

"तुम्ही खेळून बघा."

"बघतो की. भरदुपारी, दुकानाचं शटर पाडून, एकटा. डोक्यावरचा हेडफोन काढला किंवा शेवट व्हायच्या आत शटर उचललं तर मी हरलो. गोलाईत उभा राहून हलगीवर दवंडी देतो, की मी भ्यालो म्हणून."

"आणि तुम्ही जिंकलात तर दवंडी मी देतो," रेणुकादासराव म्हणाले. "की माझ्या भाच्याचा गेम बेचव आहे."

हातावर हात पडला. शेजारच्या मेडिकलवाल्या अण्णारावानं मधनं हात तोडला. झालं पक्कं.

आता महांतेश अण्णा म्हंजे कोण, हे सांगायला पाहिजे. आख्ख्या गल्लीला भिववायचा मक्ता ह्याच माणसाकडं. कुणी नवं भाडेकरू आलं, की अंधार पडल्यावर हा त्यांच्या मोरीच्या भिंतीमागं उभा राहून बाईचा आवाज काढायचा. एकदा हाक. थांबायचा. दुसऱ्यांदा हाक. मंग गप. तिसरी मारायचाच न्हाई. आपल्याकडं लहान पोराला बी ठावं असतंय, की भूत दोनदाच हाक मारतंय, तिसऱ्यांदा मारणारं माणूस असतंय. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची न्हाई. तिसरी हाक आली न्हाई, की घरातले लोक कड्या लावून एकमेकाला धरून बसायचे, आन् अण्णा गटाराच्या कडेला तोंड दाबून हसायचा. पन्नाशी उलटली तरी खोड गेली न्हाई. तो यायला लागला म्हणलं, की पोरं ताट संपवायची.

पण ह्यातली खरी गोम एकट्या अंबिकाला ठाऊक. अंबिका म्हंजे अण्णाची बायको. ती उदगीरला माहेरी गेली, की अण्णा सगळे दिवे लावून, रेडिओ चालू ठेवून, भिंतीला पाठ लावून पडायचा. रिकाम्या घराला तो लई भ्यायचा. गल्लीत आपल्यापेक्षा भित्री माणसं हायत, एवढ्या एका भरवशावर त्याला झोप लागायची. पैज हरली तर दवंडी व्हायची ती व्हायची, पण तो भरवसा जायचा. आन् तो गेला तर रात्र कशी काढायची, हे अण्णाला माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी गंधारनं दुकानात टीव्ही मांडला. वर, खाली, भिंतीला, जिकडंतिकडं पातेली, डबे, घागरी टांगलेल्या. त्यानं अण्णाच्या डोक्यावर जाडजूड हेडफोन चढवला. दोन्ही कान गच्च झाकले. त्याला माईकची दांडी होती, ती तोंडापुढं वळवली.

"ही दांडी कशाला रे?"

"गेम ऐकून राहतो, अण्णा," गंधार म्हणाला.

अंबिका दारात होती. "मधी चहा आणून देऊ का?"

"दे की. शटर वाजव. खालनं सारून दे."

"ऐकू यील का तुमाला?"

"येतंय गं. जा."

शटर पडलं.

पडद्यावर एक घर उघडलं. धरणावरच्या कामगारांना असतंय तसलं दोन खोल्यांचं क्वार्टर. पिवळा दिवा, माठ, कोपऱ्यात गुंडाळलेली गादी, दाराला लोखंडी कडी. काम काय, तर माठ भरायचा, शेगडी विझवायची, गादी घालायची. अण्णा बटनं दाबत हिंडू लागला. चालणं खरंच अडखळत होतं. भिंतीचा तोच पोपडा दोन खोल्यांत होता. चारवाल्याचं बरोबर हाय, अण्णा मनात म्हणाला.

मंग दाराबाहेर पावलं आली. कडीपाशी थांबली. आन् बाई बोलली.

"अवो. ऐकलं का?"

लांबनं. दमलेल्या आवाजात. स्वयंपाक निवायला लागला म्हणून बोलवावं तसं.

अण्णाच्या पाठीवरनं मुंगी चालली. पण दुसऱ्या क्षणाला त्यानं मांडीवर थाप मारली. अरे, हा तर आपलाच धंदा. माईकची दांडी कशाला ते बी उमगलं. ओ द्यायची न्हाई, एवढंच. ज्यानं गल्लीला हाका मारल्या त्याला हे पोर हाका मारूलालंय. त्यानं ओठ मिटून घेतले, माठ भरला, शेगडी विझवली.

काही झालं न्हाई. परत एकदा गादी घातली. काही न्हाई. लई वेळ गेला. घामानं कान ओले झाले. अण्णाला जांभई आली. रेणुकादासराव हलगी गळ्यात घालून कसे दिसतील, हे डोळ्यापुढं यायला लागलं. चहाची तलफ झाली. ही अंबिका अजून कशी आली न्हाई?

तेवढ्यात डाव्या बाजूला पत्रा खडखडला.

"अवो. ऐकलं का?"

"ओ, आलो," अण्णा म्हणाला.

म्हणला आन् उठायला गुडघ्यावर हात ठेवला. हात तिथंच राहिला. तीस वरसाच्या संसारात ह्या हाकेला त्यानं कधी दुसरं उत्तर दिलं नव्हतं. बायको नवऱ्याचं नाव घेत न्हाई. आपल्याकडं आख्ख्या जिल्ह्यात नवऱ्याचं नाव 'अवो'च. पण कान तर झाकलेले होते. शटरपलीकडची अंबिका त्याला ऐकू येणार कशी?

हाक हेडफोनच्या आतनं आली होती.

पडद्यावर कडी सरकली. सावकाश, गंज खरवडत. पिवळा दिवा गेला. दार उघडलं का न्हाई ते दिसंना. हेडफोनात एवढी शांतता झाली, की अण्णाला आपलाच श्वास ऐकू यायला लागला. मंग उमगलं, श्वास दोन हायत.

मागनं, मानेपाशी, कुणीतरी म्हणालं, "ओ."

आवाज बाईचा नव्हता. अण्णाचा होता. हुबेहूब. शेवटी जरासा चढणारा, तंबाखूनं घोगरा झालेला.

"आलो," उजव्या कानात.

"आलो." आणखी जवळ.

अण्णानं हँडल टाकलं आन् हेडफोन ओरबाडला. वायर तुटून निघाली. तरी आवाज थांबला न्हाई. आता तो दुकानातनं यायला लागला. "आलो," आन् वरची पातेली घुमली, "आलो," आन् घागरी घुमल्या, एका घागरीतनं दुसरीत जात तोच आवाज मोठा होत चालला. अण्णाला आपण तोंड मिटलंय का उघडलंय तेच कळंना. त्यानं तोंडावर हात दाबला. तोंड मिटलेलं होतं. आवाज चालूच होता.

शटर वर गेलं ते एवढ्या जोरात, की समोर बाकड्यावर बसलेल्या रेणुकादासरावांच्या हातातला पेपर पडला. अण्णा अनवाणी बाहेर. एका हातात झारा. कधी उचलला, त्यालाच माहीत. भर रस्त्यात उन्हात उभा राहून तो दुकानाकडं बघत होता, आन् अंबिका चहाची किटली घेऊन नुकती कोपऱ्यावर आली होती.

"तू हाक मारलीस?" अण्णानं विचारलं.

"मी? आत्ताच तर यिऊलालेय."

कुणी हसलं न्हाई. अण्णाचं तोंड बघून हसायचं धाडस झालं न्हाई.

त्याला पाणी पाजलं, सावलीत बसवलं. गंधारनं आत जाऊन डबा बंद केला. "वायर निघाली की आवाज टीव्हीतून येतो, अण्णा. भांड्यांमुळं घुमला," तो म्हणाला. "आणि तो आवाज तुमचाच आहे. माईकमधून गेम तो उचलून ठेवतो आणि परत ऐकवतो. ओ दिली तरच दार उघडतं. नाही दिली तर काही होत नाही."

रेणुकादासरावांनी मोबाईल काढला. चारवाला, नऊवाला परत वाचले. "म्हणजे चारवाला गप्प बसून खेळला."

"हौ, मामा."

"आणि नऊवाला? त्याला कुठं मराठी येतं?"

"इंग्रजीत दचकलं तरी माणूस 'ओ'च म्हणतो," गंधार म्हणाला. "दुसऱ्या हाकेला पत्रा वाजतो. जो दचकला त्याला दार उघडलं. जो नाही दचकला त्यानं लिहिलं, काही घडत नाही. दोघंही खरं लिहून राहिलेत."

"मग सांगायचं ना त्या लोकांना."

"सांगितलं तर कोण ओ देईल?"

अण्णानं मान वर केली. "बाई कोण हाय?"

गंधार तुटकी वायर गुंडाळायला लागला. "नांदेडला आमच्या शेजारी मंजुश्रीमावशी होत्या. त्यांचे मालक धरणावर नोकरीला होते. एकदा गेले ते आलेच नाहीत. तरी मावशी दिवेलागणीला दारात उभ्या राहून हाक मारायच्या. एकदा, दोनदा. मग आत जायच्या. त्यांना विचारूनच आवाज घेतला मी. आता त्याही नाहीत."

"आन् मी ओ दिली."

"ओ पुष्कळांनी दिली, अण्णा." गंधारनं हसायचा प्रयत्न केला. "आलो म्हणणारे तुम्हीच पहिले."

त्या रात्री अंबिका शेजारी असून बी अण्णानं दिवा मालवू दिला न्हाई.

पैज ती पैज. बुधवारी अण्णारावानं हलगीवाला ठरवला आन् सगळ्या गल्लीनं अण्णाला गोलाईत नेलं. मधी देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार, सगळ्या रस्त्यांनी माणूस येऊलालेला. ज्यांना ज्यांना अण्णानं मोरीमागनं हाका मारल्या होत्या, ते सगळे सहकुटुंब हजर. पोरं पुढं बसली. अण्णा देवळाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मागनं कुणी नको, एवढीच त्याची अट होती.

हलगी कडाडली.

"ऐका हो, गोलाईकर," अण्णा वरडला. "भांडीवाला महांतेश अण्णा, गंधारच्या गेमला भ्याला हो."

टाळ्या पडल्या. "अजून मोठ्यानं, अण्णा. आमच्या बाळंतिणीला भिववलं होतं तुमी," एक बाई म्हणाली. हशा झाला. अण्णाला बी हसू आलं. एवढं काही वाईट न्हाई, त्याला वाटलं. उजेड हाय, माणसं हायत. अंबिका समोर तोंडाला पदर लावून हसूलाली. तिच्याजवळ रेणुकादासराव, गंधार.

"भरदुपारी भ्याला हो. झारा घिऊन पळाला हो."

हलगी थांबली, पुढच्या वाक्यासाठी.

"अवो. ऐकलं का?"

लांबनं. दमलेल्या आवाजात. पाठीमागनं, जिथं नुसती भिंत होती.

अण्णानं अंबिकाकडं बघितलं. तिचा पदर तोंडावरच होता, ती दुसरीकडं बघत होती. त्यानं गंधारकडं बघितलं. गंधारचे दोन्ही हात रिकामे होते, आन् तो आता हसत नव्हता. त्यानं अण्णाकडं बघून हळूच मान हलवली. मी न्हाई.

"अवो. ऐकलं का?"

आता मानेपाशी.

अण्णाच्या ओठांचा आपोआप गोल झाला. त्यानं हलगीवाल्याच्या हातातली काडी हिसकली आन् दातात धरली. लोकांना वाटलं, हा बी नाटकाचाच भाग. पोरं खिदळली. मंग बराच वेळ काही झालं न्हाई, तसं एकेक गप होत गेलं. अण्णा तिसऱ्या हाकेची वाट बघत उभा होता.

"अण्णा, बोला की पुढं," कुणीतरी म्हणालं.

अण्णा बोलला न्हाई. तोंड उघडलं तर त्यातनं पहिलं काय निघंल, ह्याचा त्याला भरवसा नव्हता.