ओलावा तेरा टक्के

मी ड्रायर बोलतोय. केस वाळवायचा नव्हे; तो माझा लांबचा धाकटा भाऊ, चांगल्या घरात पडलाय. मी गवताचे गठ्ठे वाळवतो. अंगानं छोट्या घराएवढा आहे, आवाज मात्र मोठ्या घरातल्या भांडणाएवढा. माझा धंदा गरम हवा सोडण्याचा. तेवढ्यावर माणसं मोठमोठ्या हुद्द्यांवर पोचतात. मला मात्र शेवटी गठ्ठा वाळवूनही दाखवावा लागतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तीन आठवडे वेल्डिंग चाललं, मग मला हिरवा रंग दिला. गवताला मी परका वाटू नये अशी त्यांची कल्पना असावी. निघताना माझ्यासोबत एकशे बारा पानांचं माहितीपुस्तक दिलं. मी काय खातो, काय सोसत नाही, माझ्याशी कसं वागायचं, सगळं त्यात चित्रांसकट लिहिलेलं. एवढी सोय लग्नाच्या बाजारातसुद्धा कुणाची होत नसेल. त्या पुस्तकाचा पहिला उपयोग टेबलाचा लंगडा पाय उचलून धरण्यासाठी झाला.

ज्या शेतावर मी आलो ते एवढं मोठं की एका टोकाला कापणी सुरू झाली की दुसऱ्या टोकाला ती फोनवरून कळायची. सहाशे गाई, त्यांची वासरं, आणि क्षितिजापर्यंत गवत. मालकांनी माझ्यासमोर लाल फीत कापली. कात्री बोथट होती, तिसऱ्या खेपेला कापली गेली. फोटोत मात्र पहिल्याच खेपेला कापल्यासारखी दिसते.

फोटो काढून झाल्यावर एक बाई माझ्याभोवती फेरी मारून गेल्या. मालकांची आत्या. अख्खं शेत त्यांना आत्याबाई म्हणायचं, त्यांच्याहून वयानं मोठे दोन गडीसुद्धा. त्यांनी चाळीस वर्षं लाकडी दाताळ्यानं उन्हात गवत उलटंपालटं केलेलं.

"ह्याला नाक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आत्या, यंत्र आहे ते," मालक म्हणाले.

"म्हणूनच विचारते. गवत वाळलं का ते नाकाला कळतं. ह्याला कसं कळणार?"

मालकांनी एक लांब सळई दाखवली. ती गठ्ठ्यात खुपसली की मुठीवरच्या काचेत ओलावा किती टक्के ते दिसतं.

"म्हणजे आकडा," आत्याबाई म्हणाल्या. नावडत्या जावयाचं नाव घ्यावं तसा त्यांनी तो शब्द उच्चारला आणि निघून गेल्या.

मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी टेबलाखालचं पुस्तक ओढून काढलं, पायाखाली वीट सरकवली आणि चष्मा लावून पान एकवर बसल्या. रोज दुपारी दोन पानं. त्या शेतावर पदवीधर बरेच होते. मला शेवटपर्यंत वाचणारी माणसं दोनच निघाली, एक आत्याबाई आणि दुसरा, त्यांनी मागे लागून वाचायला लावलेला, पंखेवाला.

पंखेवाला म्हणजे मला चालवणारा. पूर्वी तो नाटकगृहातले पंखे दुरुस्त करायचा, म्हणून ते नाव. शांत माणूस. सकाळी आल्याबरोबर डबा माझ्या गरम नळीवर ठेवायचा, दुपारी काढायचा. घरी दोन मुली आणि सतत खोकणारी आई. वरिष्ठांसमोर त्याची मान आपोआप होकारार्थी हलायची, जणू तिलाच मोटर बसवली होती.

माझं काम सांगतो, अवघड नाही. माझ्या लोखंडी ओट्याला बारा भोकं आहेत. प्रत्येक भोकावर ढोलासारखा एकेक गोल गठ्ठा उभा करायचा. चार तास खालचा पंखा खालून गरम हवा ढकलतो. मग वरची झाकणं खाली येतात आणि चार तास वरचा पंखा वरून हवा दाबतो. आठ तासांत गठ्ठा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळतो. खालून अर्धं आणि वरून अर्धं. एवढंच. पण ओलं गवत गठ्ठ्यात तसंच दाबून ठेवलं, तर ते आतल्या आत कुजतं, कुजताना तापतं, आणि पंधरवड्यात कुणी काडी न लावताही पेटतं. पान अठ्ठेचाळीस. शेजारी लाल त्रिकोण आहे, म्हणजे न वाचणाऱ्यांनीसुद्धा बघावं.

पहिला हंगाम सुखात गेला. दुसऱ्या हंगामाला व्यवस्थापक आले.

ते फार हुशार होते. हे मी ऐकीव सांगत नाही, त्यांनी स्वतःच दिवसातून चारदा सांगितलंय. पांढरे बूट घालून गवताच्या शेतावर यायला एक वेगळीच हुशारी लागते. गठ्ठ्यातला ओलावा तेरा टक्क्यांपर्यंत उतरला की तो वाळला असं धरतात. यांनी कुठलाही गठ्ठा मोजला तरी तेराच यायचे. सगळे त्यांना मागून 'तेरासाहेब' म्हणायचे. त्यांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले.

त्या वर्षी ऐन कापणीत आभाळ भरून राहिलं. गवत उन्हात पडून सुकेना, म्हणून ओलंच गठ्ठ्यांत बांधायची वेळ आली. माझ्या दारात गठ्ठ्यांची रांग लागली, आणि रांग कुणालाच आवडत नाही, त्यात उभं न राहणाऱ्याला तर मुळीच नाही.

तेरासाहेब पंखेवाल्याला म्हणाले, "आठ तास कशाला लागतात याला?"

"चार खालून, चार वरून, साहेब."

"वरून कशाला? गरम हवा आपोआप वरच जाते. शाळेत शिकला नाहीस का?"

"पुस्तकात लिहिलंय की..."

"पुस्तक कंपनी लिहिते. शेत आपण चालवतो. उद्यापासून चार तास, खालचाच पंखा."

पंखेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्याची मान हलली. मला मान नाही, नाहीतर मी ती आडवी हलवली असती.

पुढचे बारा दिवस मी अर्धा गठ्ठा वाळवत होतो. खालचं तोंड कडकडीत, वरचा भाग ओल्या टॉवेलसारखा. गठ्ठे उतरवले की तेरासाहेब जातीनं हजर. गठ्ठा आडवा पाडायचा, खालच्या तोंडात सळई वीतभर खुपसायची आणि मोठ्यानं वाचायचं, "तेरा." वरच्या बाजूला त्यांनी कधी सळई लावली नाही. नको ते उत्तर मिळू नये म्हणून प्रश्न कुठे विचारायचा, यालाच बहुधा व्यवस्थापन म्हणतात.

आत्याबाई तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. पंखेवाल्याचा डबा दुपारी तसाच परत जाऊ लागला. नळी गरम होती, डबाही गरम होता, पण त्याला घास उतरत नव्हता. एकदा तो माझ्या वरच्या पंख्याच्या बटणावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग कुणाच्या तरी बुटांचा आवाज आला आणि त्यानं बोट काढलं.

ते सगळे गठ्ठे माझ्या दारासमोर तीस पावलांवरच्या शेडमध्ये रचले, छतापर्यंत. त्या शेडच्या अर्ध्या भागात गवत आणि अर्ध्या भागात वासरं. मध्ये एक पत्र्याची भिंत. खाणारे आणि खाणं शेजारी असलं की फेऱ्या वाचतात, ही कल्पना कुणाची ते मी सांगायला हवं का?

पहिले गठ्ठे रचल्यावर आठवड्यानंच शेडमधून गोडसर वास यायला लागला, साखर जरा जास्त तापवल्यासारखा. सगळ्यांना आवडला. तेरासाहेब पाहुण्यांना मुद्दाम तिथे नेत, डोळे मिटून श्वास घेत आणि म्हणत, "हा दर्जाचा वास." पाहुणेही डोळे मिटत. मिटलेल्या डोळ्यांना छताच्या फटीतून निघणारी पातळ वाफ दिसत नव्हती.

मग तेराव्या दिवशी सकाळी आत्याबाई काठी टेकत परत आल्या. त्या घरात गेल्याच नाहीत. गाडीतून उतरल्या, जागच्या जागी थांबल्या आणि त्यांनी नाक वर केलं.

"मला एक लोखंडी गज आणा," त्या म्हणाल्या.

गज आणला. त्यांनी तो गड्यांकडून गंजीत खोलवर खुपसून घेतला आणि उलटी केलेली बादली घेऊन शेजारी बसल्या. पंधरा मिनिटं तो तसाच आत राहू दिला. गज बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"वासरं बाहेर काढा."

तोवर मालक आणि तेरासाहेब येऊन पोचले होते.

"आत्याबाई, तुम्ही आराम करा," तेरासाहेब हसून म्हणाले. "प्रत्येक गठ्ठ्याची नोंद आहे माझ्याकडे. तेरा टक्के." आणि त्यांनी कागद पुढे केला.

मालक एकदा कागदाकडे बघत होते, एकदा आत्याकडे. कागद टाइप केलेला होता, आत्या नव्हती. त्यामुळे निर्णय अवघड जात होता.

आत्याबाईंनी वाद घातला नाही. काठी टेकत त्या वासरांच्या फाटकाकडे निघाल्या. शस्त्रक्रिया झालेला पाय, चिखल, आणि त्या एकट्या.

तेव्हा माझ्या ओट्याजवळ उभा असलेला पंखेवाला पुढे झाला. चालत नव्हे, जवळजवळ पळत. मालकांसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. हे मी व्यवसायानं जाणतो.

"साहेब, चारच तास लावले. सगळ्या गठ्ठ्यांना. वरचा पंखा मी चालवलाच नाही."

"कुणी सांगितलं असं करायला?" मालकांनी विचारलं.

पंखेवाल्यानं नुसतं तेरासाहेबांकडे बघितलं. तेरासाहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

मालकांनी कागद खिशात कोंबला आणि स्वतः फाटकाकडे धावले.

नव्वद वासरं अर्ध्या तासात मोकळ्या कुरणात गेली. त्यांना वाटलं सुट्टी आहे. शेपट्या वर करून उधळली. गड्यांनी गंजी ओढायला हात घातला तर आत्याबाईंनी थांबवलं. "बंब येईपर्यंत हात लावायचा नाही. आत हवा गेली की भडकेल." पान एकोणपन्नास. मला गहिवरून आलं.

बंब आला. पाण्याचे पाईप तयार ठेवून एकेक गठ्ठा ओढायला सुरुवात केली. मधल्या थरातला एक गठ्ठा बाहेर येताच फुटला. आतून कोळशासारखा काळा. वारा लागला मात्र, भपकन पेटला. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. संध्याकाळपर्यंत अर्धं छत खाली बसलं. पत्र्याची भिंत लाल होऊन वासरांच्या बाजूला वाकली, तिथेच, जिथे सकाळी वासरं ओळीनं उभी होती.

एकही वासरू गेलं नाही. पंखेवाल्याच्या मिशीची डावी बाजू गेली.

मग चौकशी. माणसांचा हा गुण मला फार आवडतो: आग विझेपर्यंत सगळे मिळून काम करतात, विझल्यावर वेगवेगळे. तेरासाहेबांनी आठ पानी अहवाल लिहिला. त्यात 'मी' हा शब्द एकदाही नव्हता आणि 'यंत्र' सदतीस वेळा होता. आगीचं कारण, यंत्रातील तांत्रिक बिघाड. त्यांनी माझ्या छातीवर पत्र्याची पाटी ठोकली, 'बिघडलेले. वापरू नये.' खाली तारीख आणि स्वतःची सही.

कंपनीचा माणूस तपासायला आला. आठ तास चालवून बघितलं, दोन्ही पंखे. तीन कप चहा प्यायला. 'यंत्र निर्दोष' असं लिहून गेला. महिन्याभरात तेरासाहेबही गेले, याहून मोठ्या शेतावर, याहून मोठ्या पदावर. जाताना त्यांना आपत्कालीन परिस्थिती हाताळल्याचं प्रमाणपत्र मिळालं. तिथल्या ड्रायरला माझा नमस्कार सांगा. त्याचा रंग कुठलाही असो, मला तो सख्ख्या भावासारखा आहे.

पंखेवाल्याला काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. चारच तास लावल्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, आणि कबुली देणारा माणूस सापडायला फार सोपा असतो. त्यानं डबा पिशवीत घातला, माझी नळी फडक्यानं पुसली. तेवढ्यात मालक आणि आत्याबाई आत आले.

"तू बारा दिवस गप्प बसलास," आत्याबाई त्याला म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही."

"हो," पंखेवाला म्हणाला.

मग त्या मालकांकडे वळल्या. "आणि तेराव्या दिवशी बोलला तो एकटाच. त्यालाच काढलंस तर पुढच्या वेळी कोण बोलेल? मी काय नेहमी नाक घेऊन हजर असणार?"

मालकांनी सळई उचलून तिच्या काचेत बघितलं, जणू उत्तर तिथे दिसणार होतं. शेवटी म्हणाले, "डबा ठेव नळीवर. गार होईल."

आता मी रोज आठ तास चालतो. गठ्ठा दोन्ही तोंडांनी आणि मधोमध मोजतात. कधी चौदा येतात, कधी सोळा, मग पुन्हा तासभर चढवतात. आकडे पूर्वीसारखे देखणे राहिले नाहीत, पण वासरं भिंतीपलीकडे निवांत झोपतात. भिंत आता विटांची आहे.

छातीवरची पाटी मात्र अजून तशीच आहे. ती काढायला ज्यानं लावली त्याची सही लागते, आणि तो तर बढतीवर. शेत बघायला येणारे लोक 'बिघडलेले. वापरू नये' असं वाचतात, माझा धडधडता आवाज ऐकतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. आजवर एकानंही विचारलं नाही.

परवा पंखेवाला पक्कड घेऊन आला. "आत्याबाई, सहीबिही राहू द्या, मी काढून टाकतो."

त्यांनी चष्म्यावरून पाटीकडे बघितलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बिघडलंय असं वाचलं की माणूस दोनदा तपासतो. चांगलं आहे म्हटलं की एकदाही नाही."

तेव्हा माझी तुम्हाला एवढीच विनंती. माझ्यावर विश्वास ठेवू नका. सळई घ्या, आणि जिथे आकडा वाईट येईल असं वाटतंय तिथेच खुपसा.