उसातली मुलाखत

पिंपरी पेंढार गावात रेंज फक्त उसातल्या वाटेवर आणि पुढच्या डांबरी रस्त्यावर मिळायची, म्हणून आरती पुण्याच्या नोकरीची इंग्रजी मुलाखत तिथूनच चालत चालत देत होती. दिवस मावळत होता. पुढे सासू सरूबाई काठी घेऊन.

फोन: "टेल मी अबाउट युवर फॅमिली."

इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवलं होतं तसं आरती हळू, नम्र बोलू लागली.

ऊस: सळसळला. वारा नव्हता.

सरूबाई: "मोठ्यानं बोल की गं! बिबट्याला कळू दे माणसं हायेत."

"माय फादर-इन-लॉ इज फार्मर!" आरती ओरडली.

फोन: "व्हाय आर यू शाउटिंग?"

हळू बोलावं तर बिबट्या, ओरडावं तर नोकरी जाणार.

ऊस: आता जवळ.

सरूबाई: "गप नको ऱ्हाऊ! काय बी बोल!"

"मॅडम, लेपर्ड इज हिअर! आय कॅनॉट स्टॉप टिल रोड! माय सासूबाई इज हिअर! वी ग्रो ऑनियन! वी ग्रो टोमॅटो!"

फोन: आता मॅडमही ओरडल्या, "कीप टॉकिंग! नेक्स्ट क्वेश्चन!"

प्रश्नामागून प्रश्न आले. आरती जमेल तशी, चुकत, ओरडत उत्तरं देत राहिली. शेवटी पायाखाली डांबर लागलं.

फोन: "रस्त्यावर पोचलात का हो?"

"येस, मॅडम!" आरती अजून ओरडतच होती.