कर्णकवचाचा कौल

सहाणेवर पाय ठेवायला जागा नव्हती. माळकोंडची ही सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो चिऱ्याचा चौथरा. एरवी वैशाखातल्या दुपारी तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. आज मात्र वर ताडपत्री होती, खाली सतरंज्या होत्या आणि चार वाड्यांतली माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. आंब्यांसाठी मुंबईहून आलेले चाकरमानीही त्यात होते. सगळ्यांचे डोळे मधल्या पाटावर बसलेल्या एका बाईकडे लागले होते. तिच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि कानांवर भगव्या कापडात शिवलेलं काहीतरी जाडजूड.

"आली!" बाई एकदम ओरडली. "पालखी आली गो बाय! माझ्या पाठीकडनं चालली!"

लोकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पालखी तर देवळात कुलपात होती. ना ढोल, ना ताशा, साधी टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण बाईची बोटं मांडीवर ढोलाचा ताल धरायला लागली होती.

"आता डाव्या अंगाला ढोल... पुढनं गेला... घंटा वाजली. आई बोलतेय! हिकडनं बोलतेय!" आणि तिचा उजवा हात झपकन वर गेला.

"उजवा! उजवा कौल!" सहाण दुमदुमली.

उजवा म्हणजे होय, डावा म्हणजे नाही. देवीला लावलेली फुलं कुठल्या अंगाने पडतात ते बघून इथे पिढ्यान् पिढ्या लग्नं ठरली, विहिरी खणल्या गेल्या. आता फुलांची गरज उरली नव्हती. आता नादेश्वर महाराज आले होते.

"बालकांनो," महाराजांनी डोळे मिटूनच सुरुवात केली, "ब्रह्मांड म्हणजे काय? नाद! अणूत नाद, रेणूत नाद. परदेशातले शास्त्रज्ञ आत्ता कुठे क्वांटम क्वांटम करायला लागलेत, आमच्या ऋषींनी ते अंघोळीच्या आधी आटपलं होतं! आणि हे कर्णकवच. सूर्याने कर्णाला दिलं, तेच हे. फक्त नियम एक. मान वळवायची नाही. मान वळली की देवी रुसली!"

मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या मनालीने जांभई दिली. सूर्याने दिलेल्या कवचाला चार्जिंगचं भोक कशाला लागतं, असं तिच्या मनात आलं, पण विचारायचा उत्साह नव्हता. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो. दोन तास एस्टीत उभं राहून आलेल्या बाईने तो आणायचा कुठून?

मनाली रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात कान तपासायची. बंद खोली, समोर पेशंट, त्याच्या कानांवर हेडफोन. "उजव्या कानात आवाज आला तर उजवा हात वर करा, डाव्यात आला तर डावा." सोळा वर्षं झाली, रोज वीस-पंचवीस वेळा तेच वाक्य. कोणी खरोखर बहिरे, कोणी दाखल्यासाठी बहिऱ्याचं सोंग घेऊन आलेले. कानाने खोटं कसं बोलतात आणि ते कसं पकडायचं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आणि इथे तिचीच तपासणी भगव्या कापडात गुंडाळून चालली होती, आणि माणसं लोटांगणं घालत होती.

ती आली होती प्रभावतीमावशीसाठी. मनालीची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिथून पुढे वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं मावशीने केलं. आता मावशीच्या छातीत करवंदाएवढी गाठ निघाली होती. तपासणी झाली, डॉक्टरबाईंनी सांगितलं, वेळ घालवू नका, आणि येत्या मंगळवारची ऑपरेशनची तारीख दिली. मावशी तयारही झाली होती. मग गेल्या रविवारी ती सहाणेवर येऊन बसली आणि तिला डावा कौल मिळाला.

"मंगळवारी मी काय येत नाय," फोनवर तिने सांगून टाकलं होतं. "देवीआईच नको म्हणतेय. महाराज म्हणाले एकवीस बैठका घे, गाठ विरघळेल."

विरघळेल! मीठ आहे की काय? पण मनाली भांडली नाही. भांडून कोण ऐकतं? तिने आपली रविवारची गाडी पकडली.

दोन कौल बघून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की कर्णकवचाच्या एका अंगाला लाल गोंडा आहे. महाराजांचा शिष्य सागर ते प्रत्येकाच्या कानावर चढवताना गोंडा न चुकता उजवीकडे ठेवायचा. मग पडद्याआड जाऊन लॅपटॉपशी बसायचा. मनालीच्या खोलीतही उजव्या कानाचा हेडफोन लालच होता. तिला पुढचं काही शोधावंच लागलं नाही.

"मावशी," ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली, "कौल परत मागता येतो ना गो?"

"तीनदा मागता येतो," मावशी म्हणाली. "पण कशाला आईला त्रास?"

"माझ्यासाठी. एकदाच."

महाराजांनी उदार हसून परवानगी दिली. डाव्या कौलाचं माणूस परत परत येतं, ते त्यांना बरं पडत होतं. दवाखान्यात जाऊन बरं झालेलं माणूस कशाला येतंय बैठकीला!

मावशी पाटावर बसली. सागर कर्णकवच घेऊन आला तसं मनालीने ते त्याच्या हातातून घेतलं. "अंबाडा आडवा येतोय. थांबा, मी घालते." अंबाडे, कुड्या, चष्मे चुकवून हेडफोन चढवण्यात सोळा वर्षं गेली होती. तिने ते हातातल्या हातात फिरवलं आणि चढवलं. लाल गोंडा डावीकडे आला.

सागरने ते पाहिलं. त्याचा चेहरा पडला. पण बोलणार काय? देवी उलटी घातली म्हणून?

मनाली मावशीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मावशीचे ओठ पुटपुटत होते, बोटं ताल धरत होती. पालखी फिरली, घंटा झाली, आणि मावशीचा उजवा हात हळूहळू वर गेला.

सहाणेवर कल्लोळ झाला. महाराजांनी खाड्कन डोळे उघडले. क्षणभर त्यांचंही तोंड उघडंच राहिलं, पण गडी तयारीचा. "पाहिलंत? सात दिवस उपाशी राहून मी आईला विनवलं! तिने कौल फिरवला! जा माते, निर्भय होऊन शस्त्रक्रियेला जा!"

मावशीने पट्टी काढली. रडत रडत ती मनालीच्या गळ्यात पडली. "येते गो मंगळवारी. आईच जा म्हणतेय."

झालं की काम. मनालीने मनाशी म्हटलं, गप्प बस आता. मावशीला धर, घरी जा, पेज पी, संध्याकाळची गाडी पकड. सगळं गाव शहाणं करायचा मक्ता काय तू घेतलायस? खरं सांगितलंस आणि मावशी परत बिथरली तर? तिने मावशीचा हात धरला आणि ती निघाली सुद्धा.

मागे पाटावर जनी येऊन बसली. मावशीच्या शेजारचीच ती. पंचविशीतली पोर, कडेवरचं मूल नणंदेकडे देऊन आलेली. "महाराज, आमच्या ह्यांना टीबीच्या गोळ्या चालू हायत. चार महिने झाले, दोन राहिले. पित्त होतं त्यांना. गोळ्या चालू ठेवू का?"

सागरने गोंडा नीट उजवीकडे घेतला. मग तो पडद्याआड गेला. आणि जनीचा हात वर गेला. डावा.

"आईची आज्ञा!" महाराज गरजले. "गोळ्या बंद! एकवीस बैठका!"

मनाली जागच्या जागी थांबली. मावशीचा हात तिच्या हातात होता, आणि तो सोडावा लागणार हे तिला कळत होतं.

"बंद करू नकोस गो जनी," ती वळून म्हणाली. आवाज काही फार मोठा निघाला नाही. "तो कौल खोटा आहे. मावशीचाही खोटाच होता. मी ते यंत्र उलटं घातलं, म्हणून उजवा आला."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एकदम गलका उठला. "नास्तिक! शहरात राहून शेफारली!" महाराज ओरडले. "देवीची विटंबना!"

"नास्तिक-आस्तिक राहू दे, महाराज. मी एवढंच म्हणते, एकदा सुलटं घालू, एकदा उलटं घालू. देवी असेल तर तिला काय फरक पडणार?"

"आणि घालणार कोण?" महाराजांनी विचारलं.

"मी घालतो." महिपतकाका उठले. चाळीस वर्षं पालखीपुढे ढोल त्यांनीच वाजवलेला. सहाणेवर त्यांच्या शब्दाला मान होता. ते पाटावर बसले, डोळ्यांची पट्टी त्यांनी भिरकावून दिली. "लाव रे सागर."

गोंडा उजवीकडे असताना काका म्हणाले, "ढोल उजव्या अंगाला." मनालीने कवच फिरवून घातलं. काका म्हणाले, "आता डाव्या." परत फिरवलं. "परत उजव्या. च्यायला!"

"सागर," मनाली म्हणाली, "ढोल उजवीकडेच थांबव. फिरवू नकोस."

सागरने महाराजांकडे पाहिलं. मग जनीकडे पाहिलं. ती मूल परत कडेवर घेऊन उभी होती. त्याने बटण दाबलं.

"काका, आता ढोलाकडे तोंड करा."

"मान वळवू नका! आई कोपेल!" महाराज मधे पडले.

"कोपली तर माझ्यावर कोपू दे," काका म्हणाले. "मी बघतो तिचं आणि माझं." आणि ते उजवीकडे वळले. थांबले. आणखी वळले. पाटावरून उठले आणि ढोलाकडे तोंड करायला उभ्या उभ्या गिरकी घ्यायला लागले. एक फेरी झाली, दोन झाल्या. लोक आधी खुसखुसले, मग मोठ्याने हसायला लागले.

काकांनी कवच कानावरून ओढून काढलं. ते हसत नव्हते. "मी वळलो की हाही वळतोय. मेल्यांनो, ढोल जागेवर असतो, माणूस वळतो. आणि हा ठेका माझा हाय. यंदाच्या शिमग्यातला. तिसऱ्या फेरीला माझी काठी निसटली होती, ते पण ह्याच्यात हाय!"

सागरने मग सगळंच सांगून टाकलं. तो मुंबईत सिनेमाच्या आवाजाचं काम करायचा. शिमग्यात येऊन त्याने पालखीचे आवाज भरून नेले होते. देवीचा आवाज एका नटीचा होता.

"पण मागनं आवाज येतो तो कसा गो?" जनीने विचारलं. "कानावर तर दोनच वाट्या."

"आपल्याला तरी कान दोनच आहेत ना?" मनाली म्हणाली. "उजवीकडे ढोल वाजला की उजव्या कानाला आधी आणि मोठा ऐकू येतो. डाव्याकडे डोक्याला वळसा घालून जातो, म्हणून किंचित उशिरा आणि दबका पोचतो. मागून आला तर कानाच्या पाळीवरून वेगळा होऊन आत जातो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. कॉम्प्युटर तोच फरक आधी मोजतो आणि दोन कानांत दोन वेगळे आवाज सोडतो. मेंदूला वाटतं, चारी कोपऱ्यांत स्पीकर ठेवलेत. पोरं मोबाइलवर गेम खेळतात, त्यात हेच असतं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या खिशात आत्ता असेल."

चाकरमान्यांनी खिशातले मोबाइल काढले. तेवढ्यात महाराजांची जीप सुरू झाल्याचा आवाज आला. तो मात्र खरोखरच मागून आला. सागरला घ्यायला ते थांबले नाहीत, तरी जीप हलायच्या आत तीन बायका धावत जाऊन पाया पडून आल्याच.

मावशी ताडपत्रीच्या कडेला एकटी उभी होती. "म्हणजे आई मला काहीच बोलली नाय?"

"नाही मावशी."

"डावाही नाय आणि उजवाही नाय."

"नाही."

"मग कशाला सांगितलंस गो?" मावशीचा आवाज फुटला. "मी सुखाने गेले असते."

मनालीने नुसतं जनीकडे बोट दाखवलं. मावशी घराकडे चालायला लागली. पेजेला बोलावलं नाही. मनाली संध्याकाळच्या गाडीने परत गेली आणि वाटभर रडली.

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर मावशी बसली होती. पहिल्या गाडीने आली होती, एकटीच, मांडीवर पिशवी घेऊन.

"जनीच्या नवऱ्याने गोळी घेतली," तिने आधी ते सांगितलं. "काल माझ्यासमोर घ्यायला लावली." मग म्हणाली, "मनाली, मी नक्की बरी होईन ना? नक्की सांग."

होय म्हणणं किती सोपं होतं. महाराजांनी दहा वेळा म्हटलं असतं.

"नक्की नाही सांगता येत मावशी," मनाली म्हणाली. "लवकर काढली तर चांगली आशा आहे, असं डॉक्टरबाई म्हणतात. मी इथेच आहे."

मावशी पिशवी उचलून उभी राहिली. "तू कौल दिलास तो उलटा," ती म्हणाली, "पण हे तरी सुलट बोललीस. चल."

ऑपरेशन झालं. पुढची औषधं चालू आहेत. पुढचं आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. मनाली अजूनही रोज तेच वाक्य म्हणते आणि रोज थकते. माळकोंडला पुढच्या वर्षी दुसरा कोणी येईल, दुसरं कवच घेऊन, हे तिला ठाऊक आहे. देवीला हात जोडायचे त्यांनी खुशाल जोडावेत. पण औषध बंद करायचं, ऑपरेशन टाळायचं, असं कोणी कानात सांगितलं, तर आवाज कुठून आला ते आधी बघा. विचारा, उलटं घालून पाहा. आणि 'मान वळवायची नाही' असा नियम जिथे असेल, तिथे पहिल्यांदा मान वळवा.