नगारखान्याची भिंत

नाल्याच्या उंचवट्यावर ताडपत्रीची तेरा पालं होती. त्यांत मिळून सव्वीस मोठी माणसं आणि सहा वर्षांखालची एकोणीस मुलं. हातपंप एक, तोही रस्त्यापलीकडे. चुली नऊ, कारण चार घरांचं शेजारच्या चुलीवर भागत होतं. आणि रस्त्याच्या बाजूने, एकाला एक टेकवून सुतळीने बांधलेली प्लायवुडची चौदा पॅनेलं.

पॅनेलं रेवतीनेच आणली होती. नोएडातले समोरचे टॉवर बांधायला ही माणसं मध्य प्रदेशातल्या टीकमगढहून आली. टॉवर पूर्ण झाले, खिडक्यांत दिवे लागले, गच्च्यांवर डिश अँटेना चढल्या, ठेकेदार पुढच्या सेक्टरला गेला आणि माणसं नाल्यावर राहिली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली रेवती एका छोट्या संस्थेकडून तिथे यायची. लहान मुलांच्या रक्तात शिसं किती आहे ते तपासायचं, आयांना त्यातून काय होतं ते पत्रकं वाटून समजावायचं, एवढं तिचं काम. पेट्रोलमधलं शिसं नुकतंच बंद झालं होतं, पण इतकी वर्षं धुराबरोबर रस्त्याकडेला बसलेलं मातीतून जात नव्हतं. ट्रक गेला की ती माती उडून थेट पालांत यायची. म्हणून रेवतीने आडोसा करायचा ठरवलं.

रेवतीच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाने त्या साली गणपतीला रायगडाच्या नगारखान्याचा देखावा केला होता. विसर्जनानंतर पॅनेलं स्टोअररूममध्ये धूळ खात पडणार होती. तिने ती टेम्पोत घालून आणली. नाल्यावर पिवळाधमक नगारखाना उभा राहिला, जागोजागी भगवी निशाणं. टॉवरमधली मुलं बाल्कनीतून बोटं दाखवू लागली.

ऑगस्टमध्ये, पॅनेलं येण्याआधी, पालांतल्या पुनिया नावाच्या पोरीच्या रक्तात डेसिलिटरला सोळा मायक्रोग्रॅम शिसं होतं. नोव्हेंबरअखेरीस अडतीस निघालं.

"लॅबने कुणाचा तरी नंबर कुणाला लावला असेल," विक्रांत म्हणाला. संस्थेत रक्त काढायचं काम त्याच्याकडे होतं. "तू भिंत उभी केलीस यार. भिंतीने कुणाचं वाढतं?"

"परत तपासून घेतलं. सदतीस."

"मग?"

"मग काय ते शोधायचं. पंचेचाळीसच्या वर गेली तर तिला इस्पितळात ठेवून इंजेक्शनं द्यावी लागतील. तिची आई कामाला जाणार की खाटेशी बसणार?"

दोन दिवस रेवतीला जेवण सुचलं नाही. बसमध्ये, दात घासताना, झोप लागता लागता ती पुनियाचं पाल डोळ्यांपुढे आणून एकेक वस्तू उचलून बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सोडियम सल्फाइडची ड्रॉपर-बाटली घेऊन नाल्यावर गेली. शिसं असेल तिथे त्याचा थेंब काळा पडतो. पातेल्यावर टाकला, काळा पडला नाही. सिंदूराच्या डबीत काडीने टाकला, काही नाही. हळद, पाण्याचा डबा, पुनियाच्या गळ्यातला ताईत, कशावरच डाग उमटला नाही.

पुनिया दीड वर्षांची, नुकती चालू लागलेली. नगारखान्याला धरून ती उभी होती. तोंड बरोबर भगव्या निशाणाच्या टोकाशी. तेवढ्या जागी रंग उडाला होता आणि प्लायवर बारीक दातांच्या खुणा होत्या.

रेवतीने थेंब टाकला. भगवा आधी तपकिरी झाला, मग काळा. तिने बुरुजावर टाकला, कमानीवर टाकला. काळा, काळा. तिने बाटलीला झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"रामकली, इस रंग में सीसा है. वही जो धूल में था. बच्ची चाट रही है. ये सब हटाना पड़ेगा."

पुनियाची आई कणीक मळत होती. तिने हात थांबवला नाही. "पूस की ठंड है दीदी. हटाके ओढ़ेंगे क्या, आपका पर्चा?"

शेजारच्या बाया हसल्या.

"मैं दूसरा इंतज़ाम करती हूँ."

"पहले बोलीं धूल में ज़हर है, दीवार लगाओ. हमने लगाई. अब दीवार में ज़हर है. कल बोलोगी हमारे दूध में है." तिने कणकेचा गोळा थापला. "मैं तो रोज़ इसको हाथ जोड़ती थी, गणेशजी का दरवाज़ा समझ के. आप दूसरी दीवार लाओ, ये तभी ले जाना. खाली हाथ मत आना."

रेवतीने पुनियाला उचलून दूर बसवलं. ती वळेपर्यंत पोर दुडुदुडु पुन्हा निशाणापाशी पोचली होती.

संध्याकाळी रेवती घराशेजारच्या दारात उभी राहिली. श्रीरंगकाका केंद्र सरकारच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. मंडळाचे देखावे वर्षानुवर्षं तेच रंगवत. रेवतीची आई सुनेत्रा मंडळाची सचिव. तीही तिथेच बसली होती, पानिपतच्या सहलीचं ठरवायला.

"काका, तुमच्या पिवळ्या रंगात शिसं आहे."

"बाजारातल्या सगळ्याच पिवळ्यात असेल."

"असेलच."

"मग इतकी वर्षं मला कसं काही झालं नाही?"

"तुम्ही रंग थोडाच चाटता?"

"ब्रश तोंडात धरतात हे," चंद्रप्रभाकाकू आतून म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून सांगतेय."

काका उठले आणि उरलेल्या रंगाचा डबा घेऊन आले. रेवतीने झाकणावर थेंब टाकला. ते चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.

"नगारखान्याचा दगड असाच आहे," ते शेवटी म्हणाले. "काळा. कमिटी म्हणाली, गणपतीत उदास दिसेल, पिवळा करा."

रेवती आईकडे वळली. "मंडळाच्या जाड कनाती हव्यात मला. सगळ्या."

"अच्छा, आणि चौदा जानेवारीला काय करू? काला अंबच्या स्मारकावर पुण्याहून दोनशे माणसं येणार आहेत. पानिपतचा वारा तुला ठाऊक नाही. पानं उडतात."

"एक दुपार उघड्यावर जेवतील, आई."

"कमिटीत विचारावं लागेल. रविवारी मीटिंग आहे."

"रविवारपर्यंत ती चाटत राहील."

"मग आता मी काय सगळ्यांना रात्री फोन करत बसू?"

"फोन करून ते हो म्हणणारेत का?"

काकांनी खुंटीवरची स्टोअरची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "सुनेत्राताई, किल्ली माझ्याकडून हरवली असं सांगा."

"खोटं कशाला सांगू? मीच दिल्या म्हणून सांगेन." तिने किल्ली लेकीच्या हातात दिली. "आणि नेताना दांडे मोजून ने. मागच्या वेळी दोन कमी आले होते."

दुसऱ्या दिवशी कनाती आधी उभ्या राहिल्या. रामकलीने कापड चिमटीत धरून पाहिलं, दुहेरी आहे याची खात्री केली आणि मगच विळ्याने सुतळ्या कापल्या. धूळ उडू नये म्हणून विक्रांत एकेक पॅनेल ओल्या फडक्याने पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेम्पोत चढवत होता. काकांनी पुनियाला कडेवर घेतलं होतं. तिने त्यांच्या चष्म्याची काडी तोंडात घातली.

टेम्पोत अकराच पॅनेलं होती.

"बाकी तीन?" रेवतीने विचारलं.

बाया भांडी आवरू लागल्या. शेवटी रामकलीने हनुवटीनेच चुलींकडे खूण केली. "परसों पाला पड़ा था. बच्चे ठंड से काँप रहे थे."

चुलींमागे राखेचा ढीग होता. बाया त्याच राखेने भांडी घासत होत्या. रेवतीने राखेवर थेंब टाकला, तोही काळा पडला. तिने दूर खड्डा खणून राख पुरली, वरचा थर खरवडून मातीही पुरली. एकूण एक भांडं साबणाने धुतलं. पाणी रस्त्यापलीकडून आणायचं होतं, त्यात दिवस मावळला. रेवती निघताना रामकलीने तिच्याकडून नेलकटर मागून घेतलं आणि पुनियाची नखं कापायला बसली.

चौदा जानेवारीला काला अंबला पाहुण्यांच्या जिलेबीवर धूळ बसली आणि सुनेत्राला बोलणी खावी लागली.

मार्चमध्ये पुन्हा रक्त काढायचं ठरलं. विक्रांतला शीर सापडेना, तिसऱ्या वेळी सापडली. पुनियाने टाहो फोडला. रामकली तिला घट्ट धरून म्हणाली, "इस बार भी बढ़ा निकला तो दीदी, तुम्हारी बात यहाँ कोई नहीं सुनेगा. मैं भी नहीं."

रेवतीने नळीवर पुनियाचं नाव लिहिलं.

निकालाला दहा दिवस लागायचे. सातव्या दिवसापासून ती रोज लॅबच्या खिडकीशी जाऊ लागली. दोनदा खिडकीतल्या माणसाने न विचारताच नाही म्हटलं. दहाव्या दिवशी त्याने पाकीट सरकवलं. तिने ते तिथेच, रांगेतल्या लोकांचे धक्के खात, उघडलं.

पुनिया, वय एक वर्ष दहा महिने. रक्तातलं शिसं : डेसिलिटरला बावीस मायक्रोग्रॅम.