फिलिनाला हाक

नदीवर धुकं असं उतरलं होतं, की पलीकडची युनिव्हर्सिटी स्वप्नात पाहिल्यासारखी अर्धीमुर्धीच दिसत होती. पिस्कॅटवेच्या पुलावर गाडी हळू करत नरेंद्र म्हणाला, "संस्कृतात काठावर पास झालेली बाई आता ग्रीक वाचणार! नापास झालीस तर तोंड कुठे लपवशील?"

"तुझ्या पोटामागे. भरपूर जागा आहे तिथे," वसुधा नवऱ्याला म्हणाली.

हसली खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. रिटायर झाल्यापासून ती मागच्या बाकावर बसून ग्रीक शिकत होती. जानेवारीत जुन्या थडग्यांवरचे लेख वाचायचा वर्ग सुरू होणार होता. प्रोफेसर मिलरबाई वाचून घेतल्याशिवाय त्यात कुणालाच घेत नसत. आज वसुधाची पाळी होती, आणि तिला तो वर्ग हवा होता, लहान पोराला चंद्र हवा असतो तसा.

वर्ग तळघरात. उंचावरच्या खिडकीतून ओल्या पानांवरून जाणारी नुसती पावलं दिसत. टेबलावर जाड पांढरा कागद होता, एका थडग्याच्या दगडाचा ठसा. दगडावर ओला थापायचा, ब्रशने ठोकायचा, वाळला की अलगद सोलायचा. दगडाची अक्षरं कागदावर उमटून येतात. दिवा बाजूला ठेवला, की सावल्यांतून ती वर उठतात.

"मावशी, टेन्शन नको घेऊस. यू गॉट धिस," शेजारी बसलेला अनय कुजबुजला. तो मैत्रिणीचा मुलगा, पण वर्गात तिच्याहून हुशार.

वसुधाने बोटं टेकवली. अक्षरं थंड, बारीक. वाटसरा, थांब. इथे फिलिना निजली आहे. बापाने हा दगड उभा केला. जाताना तिला नावाने हाक मार.

अर्थ लागला आणि मनात आपोआप चाल धरली गेली. भूल देणारी डॉक्टर म्हणून तिचा जन्म गेला होता. मास्कला घाबरणाऱ्या पोरांच्या कानाशी ती जात्यावरच्या चालीत गुणगुणायची आणि पोरं झोपेत विरघळायची. ऑपरेशन संपलं, की गालाला हात लावून नावाने हाक. पापणी हलेपर्यंत ती तिथून हलत नसे.

वाटेच्या वाटसरा, थांब इथे पळभर,
निजली लेक माझी, जागी होईल हाकेवर.

तेच तिने इंग्रजीत सांगून टाकलं.

"छान," मिलरबाई म्हणाल्या. "पण ती जागी होईल, हे कुठे कोरलंय? बोटाने दाखवा."

वसुधाचं बोट शेवटच्या ओळीतल्या हाकेपाशी गेलं, पुढे सरकलं. पुढे नुसता कोरा कागद.

"ते लोक मेलेल्यांना नावाने हाक मारत," बाई हळूच म्हणाल्या. "ती निरोपाची रीत. उठवायला नव्हे."

"मी कधी निरोपासाठी हाक मारली नाही हो. माझ्या कामात हाकेला ओ यावीच लागते."

"म्हणूनच विचारते. या वर्गात एकही उठणार नाही. जमेल? पुन्हा वाचा. कोरलंय तेवढंच."

वसुधाने डोळे मिटले. वाटसरू, दगड, बाप. एकेक शब्द ती पायरी उतरावी तशी उतरली आणि शेवटी म्हणाली, "फिलिना."

आणि थांबली. पुढची ओळ जिभेवर आली होती, ती तिने गिळली. बोटं सवयीने कागदाच्या कडेवर नाडी शोधत राहिली. खिडकीवरून कुणाची तरी पावलं गेली. ओ आली नाही. शांतता लांबत गेली, आणि वसुधाने ती लांबू दिली.

मिलरबाईंनी दिवा सरकवला, तो कागद उचलला आणि त्याखालचा दुसरा तिच्यापुढे केला.

"हा कुणा खलाशाचा आहे. जानेवारीच्या पहिल्या तासाला वाचून आणा."

अनयने टेबलाखालून तिचा हात दाबला. वसुधाचं लक्ष नव्हतं. तिचं बोट खलाशाचं नाव शोधत होतं.