बिनगळाची दोरी

कमलबाईने पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आत वाकून पाहिलं. काल रात्री तिने वाटीच्या बुडाने पीठ दाबून सपाट करून ठेवलं होतं. आता मधोमध खड्डा होता आणि कडेला बोटांच्या खुणा होत्या. म्हणजे तिचा संशय खरा होता.

भाईदास परसात म्हशीपुढे वैरण टाकत होता. तिने खिडकीतूनच विचारलं,

"मन्हं पीठ कोठे जाई ऱ्हायनं?"

"माले काय ठाऊक. मुंग्या ऱ्हातीन."

"मुंग्या डबानं झाकण लावीसन जातस का?"

वैरण टाकून झाली होती, तरी तो तिथेच घुटमळत राहिला. हा माणूस खोटं बोलायला लागला की मान खाली घालतो, हे लग्न झाल्यापासून तिला पाठ होतं. आत्ता मान पार गव्हाणीत गेली होती.

पिठाचं एक वेळ सोडून दिलं असतं. पण मागच्या आठवड्यात तिच्या जुन्या सुती पातळाचा पदर कुणीतरी फाडून नेला होता. संध्याकाळी भाईदास घरी यायचा तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओलं असायचं. विचारलं तर म्हणायचा, नदीवर जरा मोकळं वाटतं. आयुष्यभर तापीच्या काठावर राहिलेल्या माणसाला आता या वयात नदी आवडायला लागली, हे कोण खरं मानेल?

त्यात शेजारच्या गजराबाईने काल भर घातली.

"वहिनी, भाऊ रोज बंधाराखाले दखातस. हातमा लांब काठी शे. मासा धरतस का काय?"

"आम्हना घरमा मासा?" कमलबाई म्हणाली. "त्यास्ना गळामा माळ शे, बाई."

बोलली खरी, पण जीव थाऱ्यावर राहिला नाही. भाईदास आंघोळीला बसला तेव्हा तिने दाराच्या फटीतून पाहून घेतलं. तुळशीची माळ गळ्यात होती. जेवायला बसला तेव्हा म्हणाली,

"हात दखाडा."

"कसाले?"

"दखाडा तं खरं."

त्याने दोन्ही तळवे पुढे केले. तिने ताट ठेवायच्या निमित्ताने वाकून वास घेतला. साबणाचा वास होता, नेहमीपेक्षा जास्तच.

मासळीचा वास या घराला आधीच महागात पडला होता. मुलगा भाग्येश दमणकडे कंपनीत नोकरीला लागला आणि तिथल्याच समुद्रकाठच्या मच्छीमाराची मुलगी रोहिणी हिच्याशी लग्न करून मोकळा झाला. कमलबाई सारंगखेड्याच्या भर चौकात म्हणाली होती, त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. पाणी राहिलं बाजूला, पोरगाच यायचा बंद झाला. भाईदास तेव्हाही काही बोलला नव्हता. त्याची हीच चूप बसायची सवय आता तिला छळत होती. हा गुपचूप तिकडे जाणार, व्याह्याच्या पंगतीला बसणार, माळ काढून खुंटीला लावणार. मुलगा तर गेलाच आहे, आता नवराही त्या बाजूला गेला की या घरात बोलायला म्हैस तेवढी उरेल.

दुपारी तो वखारीवर गेल्यावर तिने गोठा धुंडाळला. खताच्या रिकाम्या गोण्यांमागे नायलॉनची पिशवी होती. तिने हात घातला. आत जांभळ्या प्लॅस्टिकच्या सँडल होत्या. नव्याकोऱ्या, बायकांच्या.

कमलबाई तशीच उभी राहिली. मासळीची भीती तिने धरली होती, दुसऱ्या बाईची तिच्या मनातही आली नव्हती. आपल्यासाठी असतील असा विचार तिला शिवलासुद्धा नाही. तिच्यासाठी चप्पल आणायची म्हणजे तिला दुकानात न्यावं लागे. तरुणपणी बैलाचा पाय पडल्यापासून तिचं डावं पाऊल सुजलेलंच होतं. डाव्या पायाच्या मापाने चप्पल घ्यायची आणि उजवीत चिंधी कोंबून चालायचं, हे तिचं नेहमीचं. तिने त्या सँडल परत पिशवीत टाकल्या आणि पदराला हात पुसले.

संध्याकाळी भाईदास निघाला तसा तिने थोडा वेळ जाऊ दिला आणि मागोमाग निघाली. वाळूत उजव्या पायातली चप्पल सारखी निसटत होती. बाभळीच्या आडोशाला थांबून ती कुणी बाई दिसते का ते पाहू लागली.

बाई कुठेच नव्हती. भाईदास एकटाच गुडघाभर पाण्यात उभा होता. हातात चकरी लावलेली लांब काठी. त्याने ती खांद्यामागे नेली आणि जोर लावून पुढे फेकली. दोरी सुटली, पण फार लांब न जाता समोरच डुबकन पडली. "श्या," तो म्हणाला. ओढून घेतली, पुन्हा फेकली. मग किनाऱ्याच्या दगडांपाशी येऊन त्याने दुसरी, साधी दोरी पाण्यातून हळूहळू वर घेतली. तिच्या टोकाला कापडाची पुरचुंडी होती आणि पुरचुंडीला एक काळा खेकडा लोंबकळत होता. पाण्याबाहेर येताच त्याने नांगी सोडली आणि टपकन खाली पडला. भाईदास एकटाच हसला.

पुरचुंडीचं कापड कमलबाईने ओळखलं.

"मन्हा पातळना पदर खेकडाले नेसाडा का?"

तो इतका दचकला की काठी पाण्यात पडली. ती उचलेपर्यंत कमलबाई जवळ आली होती. तिने काठीच्या दोरीचं टोक हातात घेऊन पाहिलं. शिशाचा गोळा होता, त्याच्यावर कणीक होती. बाकी काहीच नव्हतं.

"गळ कोठे शे?"

"काढी टाका. माळ शे ना."

"मंग बिनगळनी काठी कसाले फेकी ऱ्हायनात?"

भाईदासने बराच वेळ दोरी गुंडाळली. मग नदीकडे पाहत बोलला.

"भाग्येशना सासरा रोज सांजले समुद्रवर गळ टाकीसन उभा ऱ्हास. भाग्येश फोनवर सांगे, त्याले जास्त बोलता येत नही. माले बी येत नही. हातमा काठी ऱ्हायनी म्हंजे बाजूले उभं तं ऱ्हाता येई."

"म्हंजे जावानं ठरनं."

"ठरनं. आठ दिनसाठे."

"माले न सांगता."

"सांगतू तं तू नही म्हणती."

हे खरं होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. एवढं सगळं झालं तरी पिशवीचं राहिलंच होतं. तिने आवाज खाली आणून विचारलं,

"आनि गोठामा त्या सँडल शेतस, त्या कोनन्या?"

भाईदासने पहिल्यांदा मान वर केली.

"घालीसन दखनी का?"

ती वळली. घर येईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. सरळ गोठ्यात गेली, गोणी अंथरून तिच्यावर बसली आणि पिशवीतल्या सँडल मांडीवर घेतल्या. उजवी सँडल पायात चढवली. चिंधीशिवाय बसली. डावी हातात घेतली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. डावी मोठी होती. उजवीला सात आकडा होता, डावीला आठ. पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेला आणखी एक जोड होता, उरलेली डावी आणि उरलेली उजवी. दोन जोड विकत घेऊन त्याने तिच्यासाठी एक जोड जुळवला होता.

तिने डावीसुद्धा घातली. सुजलेल्या पावलावर पट्टा नीट लागला. म्हशीने मान वळवून पाहिलं. कमलबाईला रडू आलं, मग म्हशीसमोर काय रडायचं म्हणून तिने नाक पुसलं.

भाईदास अंधारायच्या आत परतला. ओट्याशी आला तर ती परात घेऊन कणीक मळत बसली होती. शेजारी जुनं पातळ पट्ट्या फाडून ठेवलेलं. पाय पदराखाली ओढून घेतले होते, तरी जांभळं टोक बाहेर दिसत होतं. त्याने ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

"तुम्ही कणीक सैल मळतस," ती परातीकडे पाहत म्हणाली. "पाणीमा इरघळी जास."

"तठे खडक शेतस," तो म्हणाला. "खेकडा खडकमाच सापडतस. अनवाणी जाता येत नही, म्हनीसन."

"खेकडाले मी हात नही लावसू. टोपली धरसू."

"बरं."

ती बराच वेळ मळत राहिली. गोळा घट्ट झाला होता, तरी मळत राहिली.

"पाणी मात्र आपलं घरनं लेसूत," ती म्हणाली.

भाईदासचा चेहरा उतरला. तो पायरीवर बसला.

"आठ दिननं पाणी? किती लेवानं?"

कमलबाईने परात बाजूला सारली आणि हाताला चिकटलेली कणीक काढू लागली.

"एक बाटली बस व्हई," ती म्हणाली. "रस्तामा लागस ना."